मिस्त्रीची पहिली करवत

महाडच्या बाजारातल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात सहदेव शिरला की शेठ चष्मा कपाळावर चढवायचा आणि गड्याला नुसत्या मानेने खूण करायचा. गडी मुकाट्याने आतून दोन खोकी आणून काउंटरवर मांडायचा आणि कोपऱ्यातल्या तिसऱ्या धुडावरचं पोतं ओढून काढायचा. मग सहदेवचं सुरू व्हायचं. पहिल्या खोक्यातली गोल करवत, म्हणजे हातात धरून चालवायची ती, उचलून तो वजन बघणार. दुसऱ्या खोक्यातल्या जिगसॉच्या, म्हणजे वळणं कापायच्या छोट्या करवतीच्या, बारीक पात्यावरून अंगठा फिरवणार. कोपऱ्यातल्या टेबलाच्या करवतीभोवती, मुलगी बघायला आल्यासारखी, एक फेरी मारणार. "हं" म्हणणार. आणि शेवटी मूठभर खिळे पुडीत बांधून घेऊन बाहेर पडणार. घरी एव्हाना खिळ्यांचा डबा भरला होता. ठोकायला लाकूड मात्र अजून कापलं गेलं नव्हतं.

"अहो, काय कापायचंय ते सांगा," शेठ दर वेळी म्हणायचा, "म्हणजे पहिली कुठली घ्यायची ते मी सांगतो."

"सगळंच," सहदेव दर वेळी म्हणायचा.

खोटं कशाला बोला, सहदेवला बायकोच्या गुडघ्यांचा पुळका आला तोही याच दुकानापायी. ठकूबाईचे गुडघे दुखत होते आणि महाडजवळच्या सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बसलं की त्यांना आराम पडत होता, हे खरंच. पण ते गुडघे सहदेव मुंबईला नोकरीत होता तेव्हाही दुखत होते, आणि तेव्हा त्याने फार तर बामची बाटली पाठवली होती. आता निवृत्त होऊन कायमचा घरी आल्यापासून मात्र दर आठवड्याला तो म्हणायचा, "चल गो, तुला सवला नेतो." एसटीने महाडला उतरायचं, ठकूबाईला सवच्या रिक्षात बसवायचं, आणि आपण दुकान गाठायचं. ठकूबाई गरम पाण्यात पाय सोडून बसायची आणि शेजारच्या बाईला सांगायची, "मी हितं शिजतेय, आनि आमचे तिकडं करवती बघतायत. बघू, आधी कोन शिजतं."

पोलादपूरवरून महाबळेश्वरकडे जाणारा घाटरस्ता सोडून डोंगरात चढत गेलं की सहदेवची वाडी लागते. या वाडीची एक रीत आहे. माणूस मुंबईत कुठे कामाला होता, तेच त्याचं नाव होऊन बसतं. गोदीत होता तो गोदीवाला. पोस्टात होता तो पोस्टमन, मग तो तिथे जन्मभर जिने झाडत का असेना. सहदेव फर्निचरच्या कारखान्यात लागला आणि पहिल्या सुट्टीत एक झकास चौरंग घेऊन घरी आला. त्याच्या आईने तो डोक्यावर घेऊन अख्ख्या वाडीत मिरवला. "माज्या पोरानं केला," ती म्हणाली. झालं. त्या दिवसापासून सहदेव मिस्त्री झाला. वाडीतलं शेंबडं पोरही त्याला मिस्त्री म्हणायचं. म्हणत नव्हती ती एकटी ठकूबाई, पण नवऱ्याला बायको "अवो" म्हणते, एवढंच सहदेव त्यातून समजला.

आता चौरंगाची गंमत अशी, की तो कापला होता दुसऱ्याने, जोडला होता तिसऱ्याने, आणि सहदेवने त्याला पॉलिश केलं होतं. सहदेव पॉलिशवाला होता. नोकरी लागली त्या दिवसापासून सुटली त्या दिवसापर्यंत तो लाखेच्या पॉलिशमध्ये बोळा बुडवून दुसऱ्यांनी कापलेलं लाकूड घासत आला. पॉलिशच्या स्पिरिटने भरलेले त्याचे हात आणि मशीनच्या ठिणग्या यांची गाठ नको म्हणून कारखान्यातला मोठा मिस्त्री त्याला करवतीजवळ फिरकू देत नसे. "पॉलिशवाले, लांब!" जेवणाच्या सुट्टीत हा हात मागे बांधून लांब उभा राहायचा आणि करवतीतून फळी कशी लोण्यासारखी निघते ते बघायचा. कुठल्या करवतीने कापलं आहे ते लाकडावर बोट फिरवून तो सांगू शकायचा, कारण त्या करवतींचे ओरखडे पुसण्यात त्याचा जन्म गेला होता. करवतीला हात लावायचं तेवढं राहून गेलं. मुंबई सोडताना त्याने मनाशी ठरवलं होतं, घरी गोठ्याच्या कोपऱ्यात आपलं छोटंसं सुतारकामाचं दुकान मांडायचं आणि पहिली आपल्या मालकीची करवत घ्यायची.

हौस दांडगी होती. भीती तिच्याहून दांडगी होती. करवत घरात आली की ती चालवावी लागणार, आणि चालवली की पहिल्याच कापाला वाडीला कळणार, की आपला मिस्त्री मिस्त्री नाही.

तरी बिचाऱ्याने हे असंच खिळ्यांवर निभावून नेलं असतं. पण पाळण्याने घात केला.

वाडीत पाळणा एकच. जुना, लाल-हिरव्या दांड्यांचा. ज्या घरी मूल जन्मेल त्या घरी तो जायचा, आणि मूल रांगायला लागलं की नारळ-गूळ ठेवून पुढच्या घरी. एखाद्या वेळी अडलंच, तर साडीच्या झोळीवर भागायचं. या वर्षी मात्र शेजारच्या भरतची सून अक्षदा आणि सहदेवची मुलगी अमिता, दोघींचे दिवस एकदमच भरत आले. अमिता पहिलटकरीण, डोंबिवलीहून माहेरी आलेली. वाडी देवळात बसली तेव्हा म्हाताऱ्या सोनबाआबाने हा प्रश्न काढला आणि त्यानेच तो सोडवला.

"येवडी चिंता कसली? आपल्यात मिस्त्री हाय की! मिस्त्री, दुसरा पाळना तू कर."

सगळ्यांनी सहदेवकडे पाहिलं. सहदेवचं तोंड त्याच्या आधी बोलून गेलं. "करतो की. मशीन येऊ दे फकस्त."

आणि मशीन काही येईना.

मग सहदेवच्या पडवीत सल्ल्यांचा पाऊस पडला. भरत पोलादपूर-वाडी जीप चालवायचा, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट भाड्याने देता येईल का हे आधी दिसायचं. "दादा, तू गोल करवत घे. पाळना तर हुईलच, वर लोकांचा लाकूडफाटा कापून दे. मशीन घरबसल्या कमवल."

"ती उसळते," सहदेव म्हणाला. "गाठ लागली की हातातनं सुटते."

"टेबलाची घे मग," सोनबाआबा म्हणाला. "मिस्त्रीच्या घरात टेबल पायजे. लांबनं दिसलं पायजे."

"टेबलाला जागा लागते."

"गोठा हाय की."

"आनि माजी तांबू कुटं बांदू?" आतून ठकूबाईचा आवाज आला. "आबा, तुमच्या माजघरात जागा हाय काय? नायतर तिलाच इचारा. जागा तिची जानार, मत तिचंच घ्याया पायजे."

"मग जिगसॉ घ्या ना, बाबा," अमिता म्हणाली. "आमच्या बिल्डिंगमध्ये किचनचं काम करायला कारपेंटर आलेला, तो तीच यूज करायचा. इझी असते."

"जिगसॉनं सरळ कापलं जात नाय," सहदेव म्हणाला. "आनि आपल्याकडं व्होल्टेज कुटं हाय?"

व्होल्टेजचं मात्र खरं होतं. संध्याकाळी घरोघरी टीव्ही लागले की वाडीतला बल्ब पिकल्या पेरूच्या रंगाचा व्हायचा. पण व्होल्टेजचं गाऱ्हाणं दुपारी कसं चालेल? दुपारी व्होल्टेज बरं असायचं. ठकूबाईच्या हे ध्यानात होतं, पण ती नुसतीच हसली आणि तांदूळ निवडत राहिली.

अक्षदाने घाई केली. धरलेल्या दिवसांच्या आधीच तिला मुलगा झाला आणि लाल-हिरवा पाळणा वाजतगाजत भरतच्या घरी गेला. त्या संध्याकाळी अमिता पोटावर हात ठेवून पडवीत बसली होती. भरतच्या घरातून पाळण्याच्या कड्यांची कुरकुर ऐकू येत होती.

"बाबा," ती म्हणाली, "नसेल होत तर राहू दे. साडीची झोळी बांधू. मी पण झोळीतच वाढले ना?"

लेकीने हे टोमण्याने म्हटलं असतं तर सहदेवने उलट उत्तर दिलं असतं. पण ती अगदी मायेने म्हणाली, आणि तेच त्याला लागलं. अमिता जन्मली तेव्हाही पाळणा दुसऱ्या घरी होता. तेव्हा तो मुंबईला होता आणि कुणाच्या तरी शिसवी पलंगाला पॉलिश करत होता. रात्री त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी ठकूबाईने लुगड्याचा पदर खोचला. "चला, म्हाडला."

"गुडगे दुकतायत?"

"गुडगे बरे हायत. तुमचंच कायतरी दुकतंय."

महाडला उतरल्यावर रिक्षावाल्याने नेहमीप्रमाणे "सव?" म्हणून हाक मारली. ठकूबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ बाजारात गेली, दुकानाच्या पायऱ्या चढली आणि काउंटरवर पिशवी ठेवून उभी राहिली. तिच्यामागे सहदेव. शेठने चष्मा कपाळावर चढवला. गड्याने दोन खोकी आणली, पोतं ओढलं.

"काय कापायचंय?" शेठने सवयीने विचारलं.

सहदेवने "सगळंच" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ठकूबाई बोलली.

"पाळना. डोक्याकडची नि पायाकडची फळी वरनं गोल. दोराला चार भोकं. लाकूड साग, बोटभर जाड. जागा गोठ्याचा कोपरा, त्यात गाय. लाईट मरतुकडी. आनि ह्यांनी आजवर करवत चालवलेली नाय. तवा बोटं जाग्यावर ऱ्हायतील अशी द्या."

सहदेवचे कान तापले.

"मग जिगसॉ," शेठ चष्मा खाली ओढत म्हणाला. "सरळ कापायचं असेल तेव्हा कडेला एक सरळ पट्टी बांधा आणि तिच्या आधाराने चालवा. काका, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. तुम्ही काय कापायचं ते सांगतच नव्हता."

एसटीत सहदेवने खोकं मांडीवर घेतलं होतं. पोलादपूर जवळ आलं. मग खिडकीबाहेर बघत त्याने विचारलं, "तुला कदीपास्नं म्हायत हाय?"

"लगीन झाल्यावर पयल्यांदा सुट्टीवर आलात तवापास्नं."

"कुनी सांगितलं?"

"कोन सांगनार? अंगाला स्पिरिटचा वास मारत व्हता. मला वाटलं, दारू पिऊन आले. लई रडले. मग सकाळी तुमची नखं बगितली. चाकलेटी. तुमी आनलेल्या चौरंगाचा रंग नि नखांचा रंग येकच. करवतीवाल्याच्या कानात भुसा असतो, त्यो काय मला कदी गावला नाय."

सहदेवला हसावं की रडावं कळेना. "मग बोलली का नायस?"

ठकूबाईने पिशवी नीट केली. "पान्यावर बाया मला मिस्त्रीनबाय म्हनायच्या. जिने झाडनाऱ्याची बायको पोस्टमनीन म्हनून मिरवत व्हती. मी काय म्हनून मागं ऱ्हावू?"

तिने ते गंमतीत म्हटलं, पण सहदेवच्या मनात दुसरंच काहीतरी लख्ख झालं. सगळी वाडी त्याला मिस्त्री म्हणायची, आणि ही एकटी म्हणायची नाही. लोकांनी म्हटलेलं तिने ऐकून घेतलं, त्यात मिरवलीही. पण स्वतःच्या तोंडाने ती कधी खोटं बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वाडी शेतावर गेल्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात दोन ठोकळ्यांवर सागाची फळी ठेवली गेली. तांबूला बाहेर फणसाखाली बांधलं होतं. सहदेवने पेन्सिलीने कमान आखली. ती अप्रतिम होती. मग त्याने बटण दाबलं. यंत्र थरथरलं, फळी नाचायला लागली, आणि पातं लाकडाला लागण्याआधीच सहदेवने बटण सोडलं.

"धरायला शिकंजा पायजे," तो म्हणाला. "महाडला जाऊन—"

"म्हाडचं नाव काडू नका," ठकूबाई म्हणाली आणि सरळ फळीवर जाऊन बसली. विळीवर बसून भाजी चिरताना बसते तशीच, एक पाय दुमडून. "आता हलती काय बगा. कापा. माज्यापतूर आलात की थांबा म्हंजे झालं."

त्याने पुन्हा बटण दाबलं. या वेळी पातं सागात शिरलं. ताज्या सागाचा तो कडवट वास उठला, जो त्याने जन्मभर लांबून घेतला होता. आज तो भुसा त्याच्याच हातावर उडत होता. सहदेव आनंदाने वेडा झाला होता, हे स्पष्टच सांगायला हवं. तो इतका खूश झाला की रेघेकडे बघायचंच विसरला. पातं आपल्या मनाने गेलं, आणि कमानीच्या जागी डोंगराची एक सोंड तयार झाली.

यंत्राचा आवाज अख्ख्या वाडीत घुमला होता. सोनबाआबा काठी टेकत आला, मागून भरत आला, आणखी चारदोन जण आले. आबाने फळी उचलली, एक डोळा मिटून पाहिली.

"मिस्त्री, हे वाकडं हाय."

ठकूबाई काहीतरी बोलायला गेली. "तशीच फॅशन हाय" वगैरे बोलून तिने वेळ मारूनही नेली असती. पण सहदेवने हाताने तिला थांबवलं.

"वाकडंच हाय, आबा. पयलंच हाय माजं."

"कसलं पयलं?"

"करवतीचं. मुंबैला मी पॉलिश करायचो. कापायचे दुसरे."

आबाने फळी खाली ठेवली. "मग इतकी वर्सं मिस्त्री मिस्त्री..."

"तुमी म्हनलात. मी 'नाय' म्हनलो नाय, येवडीच माजी चूक."

भरत हसू दाबत तांबूकडे बघत राहिला. आबा काठी टेकत निघून गेला, आणि त्याच्यामागून सगळे.

वाडी उदार आहे, पण नाव काढून घ्यायला तिला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून सहदेव पॉलिशवाला झाला. "काय पॉलिशवाले, कुटं निगाले?" पोरं तर नुसतंच "ओ पॉलिश!" म्हणून पळायची. पाण्यावर बायकांनी ठकूबाईला "पॉलिशवालीनबाय" म्हणून पाहिलं. "म्हना," ती म्हणाली, "निदान चकाकतं तरी." सहदेवला मात्र ते फार लागलं. तो रस्त्याने खाली मान घालून जायचा. पण दुपार झाली की गोठ्यात जायचा, ठकूबाई फळीवर बसायची, आणि यंत्र सुरू व्हायचं. दुसरी कमान पहिलीपेक्षा बरी झाली. तिसरी आणखी बरी. डोक्याकडची फळी आणि पायाकडची फळी यांच्यात तरीही बोटभराचा फरक राहिला, तो राहिलाच. सांधे बसेनात तेव्हा त्या डब्यातले सगळे खिळे कामी आले.

मग पॉलिश. त्या दिवशी सहदेवने कुणालाही गोठ्यात येऊ दिलं नाही. बोळा फिरत राहिला, वाळत राहिला, पुन्हा फिरत राहिला. शेवटी त्या सागात तांबूचं तोंड दिसायला लागलं.

अमिताला मुलगी झाली. बारशाला वाडी लोटली. पाळणा माजघराच्या तुळईला टांगलेला होता आणि बायका त्याच्यावरून हात फिरवत होत्या. "पॉलिशवाल्यानं पॉलिश काय केलंय गो!" त्या म्हणत होत्या. कापाबद्दल कुणी बोललं नाही, आणि ते न बोलणं सहदेवला दारात उभ्याउभ्या स्पष्ट ऐकू येत होतं. अक्षदा आपल्या मुलाला कडेवर घेऊन आली होती. पाळण्याखालून वरून बाळाची देवाणघेवाण झाली, कानात नाव सांगून झालं, आणि अमिताने मुलीला पाळण्यात ठेवलं.

पाळणा एका अंगाला कलला. त्या बोटभराच्या फरकाने आपलं काम केलं. मूल पायाकडे हळूच घसरलं आणि एवढंसं तोंड करून सगळ्यांकडे बघायला लागलं. दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावले. भरत मोठ्याने म्हणाला, "ओ पॉलिश, ह्यो तर आमच्या जीपवानी घाटात उतरतोय!"

घर हसलं. सहदेवची मान खाली गेली. तो मागल्या मागे पडवीकडे वळला.

ठकूबाईने पाळण्याची कडी धरून तो थांबवला. तिने वर दोराकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"मिस्त्री!"

हसणं थांबलं. भरतने मागे वळून पाहिलं, दुसरं कोण आलं म्हणून. सोनबाआबाने काठीवरची हनुवटी उचलली. सहदेव दारात तसाच उभा राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात तो शब्द त्याने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"मिस्त्री, तुमालाच म्हनते मी," ठकूबाई म्हणाली. "पायाकडचा दोर जरा वर घ्या. पोरगी घसरतेय."

सहदेवने स्टूल आणलं, वर चढला आणि दोराची गाठ सोडायला लागला. त्याच्या कानात अजून भुसा होता.